नारळ फोडण्याआधी: गावाचं काम लोकांनी मिळून उभं करण्याची आणि टिकवण्याची रीत

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात चार गावं फिरून या. कामं झालेली दिसतील. खुल्या व्यायामशाळेचं साहित्य गंजलेलं, सार्वजनिक शौचालयाला कुलूप, पाण्याच्या एटीएमवर धूळ, झाडांचे पिंजरे ओळीने उभे आणि आत वाळलेली काडी. या प्रत्येक ठिकाणी एके दिवशी नारळ फुटला होता, भाषणं झाली होती, पैसाही खर्च झाला होता. फक्त दुसऱ्या दिवसापासून हे कोण बघणार, एवढंच ठरलं नव्हतं.

हा लेख त्या दुसऱ्या दिवसासाठी आहे. ग्रामपंचायतीचं गाव, आठवड्याला बाजार भरतो, शाळा आहे, दोन-तीन वाड्यावस्त्या आहेत, अशा गावातल्या कुणालाही काही करावंसं वाटत असेल, मग ते तरुण मंडळ असो, बचत गट असो, निवृत्त शिक्षक असो की नवा सदस्य, तर कुठून सुरुवात करायची आणि कशा क्रमाने पुढे जायचं ते इथे मांडलं आहे. गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर ग्रामसभेचा भाग लागू होणार नाही, तिथे नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांच्याकडे जावं लागेल. बाकीचं बहुतेक तसंच चालतं.

गाव चालून पाहा, तेही तीन वेळा

चावडीवर बसून केलेली कामांची यादी नेहमी सारखीच निघते: कमान, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट. गाव पायी फिरून केलेली यादी वेगळी असते. एकदा सकाळी शाळेच्या वेळी फिरा, एकदा बाजाराच्या दिवशी दुपारी आणि एकदा पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर. सकाळी कळतं की मुलं गटाराच्या कडेने चालतात. बाजारच्या दिवशी कळतं की भाजी विकायला आलेल्या बायकांना दिवसभर लघवीला जायला जागा नाही, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. पावसानंतर कळतं की माळावरचं पाणी कुठल्या वाटेने येऊन कुणाच्या घरात शिरतं.

फेरीत कोण आहे यावर सगळं अवलंबून असतं. सरपंच आणि दोन पुढारी फिरले तर त्यांना रस्तेच दिसतील. आशाताईंना बोलवा, त्यांना घरोघरचं माहीत असतं. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलवा, कुठला व्हॉल्व गळतो आणि कुठल्या आळीला शेवटी पाणी पोचतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. अंगणवाडी सेविका, कोतवाल, आठवी-नववीची चार मुलं घ्या. आणि फेरी मुख्य पेठेत न संपवता शेवटच्या वस्तीपर्यंत न्या. बहुतेक गावांत सुधारणा चौकात सुरू होते आणि चौकातच संपते.

लोकांना “तुम्हाला काय हवं?” असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांना सवयीने पाठ झालेलं असतं. “लाइट गेली आणि नळाला पाणी आलं नाही तर त्या दिवशी काय करता?” असं विचारा. “रात्री बाळंतीण दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कुठपर्यंत येते?” असं विचारा. माणूस आपला दिवस सांगू लागला की अडचण आपोआप बाहेर येते.

यादी करताना आणखी एक रकाना ठेवा: गावात काय चालू स्थितीत आहे आणि ते कुणामुळे चालू आहे. एखादा हातपंप वर्षानुवर्षं चालतो कारण शेजारची आजी त्यावर लक्ष ठेवते. एखादं वाचनालय चालतं कारण एक शिक्षक रोज संध्याकाळी ते उघडतात. ही माणसं हीच तुमची खरी पुंजी. पुढच्या कामात त्यांना आधी विचारायचं.

एकच काम घ्या, आणि पुरं होईल असं घ्या

यादीत वीस कामं निघतील. त्यातलं एक घ्यायचं. ते दिसणारं असावं, एका हंगामात संपणारं असावं, आणि त्याचा फायदा एकाच आळीला किंवा एकाच भावकीला मिळणारा नसावा. चौथी कसोटी सगळ्यात महत्त्वाची: ते सांभाळायला पैसा आणि माणूस गावातच मिळेल का? मिळणार नसेल तर काम कितीही चांगलं असो, पुढे ढकला.

राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले तेव्हा पाणलोटाच्याही आधी यादवबाबांच्या मोडकळीला आलेल्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. त्यात शहाणपण आहे. मंदिर सगळ्यांचं होतं, काम आटोक्यातलं होतं, आणि ते झाल्यावर लोकांना एकत्र बसायला जागा मिळाली. तुमच्या गावात ती जागा शाळेचं मैदान असेल, बाजारतळ असेल, स्मशानभूमी असेल. स्मशानभूमीचं काम मला फार मोलाचं वाटतं. तिथे सावली, पाण्याची टाकी आणि बसायला ओटा नसेल तर त्याचा त्रास कधी ना कधी प्रत्येक घराला होतो. मात्र गावात जातवार वेगळ्या स्मशानभूमी असतील तर एकच सुधारायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, असं करू नका.

सुरुवात कमानीने करू नका. कमानीवर कुणाचं नाव टाकायचं यावरूनच समिती फुटते. सुरुवात अतिक्रमण हटवण्यानेही करू नका. ते काम करावं लागतं, पण त्याआधी लोकांचा तुमच्यावर विश्वास बसलेला असावा लागतो.

जागा कुणाची, हे कागदावर पाहा

“गावाचीच जागा आहे” या वाक्यावर विसंबून खोदकाम सुरू करू नका. शेतजमीन किंवा गायरान असेल तर सातबारा काढा. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीची मालमत्ता नोंदवही पाहा. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल तर त्याचे नकाशे पाहा. रस्त्याकडेची जागा सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा जिल्हा परिषदेची असू शकते, डोंगर वन विभागाचा असू शकतो, तलावाचा काठ जलसंपदा किंवा जलसंधारणाच्या ताब्यात असू शकतो. शाळेच्या आवारात काही करायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीशी बोला. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे ती तुमच्या कामाची मित्र होऊ शकते.

गायरान सरकारी मालकीचं असतं, ग्रामपंचायतीकडे त्याची देखरेख असते. त्यावर चर, झाडं, गवत असं काम जमतं, पण पक्कं बांधकाम किंवा वापर बदलायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नये. गावाच्या सामाईक जमिनी राखाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात स्पष्ट बजावलं आहे. चांगल्या हेतूने उभी केलेली शेडसुद्धा उद्या अतिक्रमण ठरू शकते.

ग्रामसभा: काम इथे पक्कं होतं

पुष्कळ मंडळं ग्रामसभा टाळतात. तिथे भांडणं होतात, कोरम भरत नाही, वेळ जातो. पण ग्रामसभेत ठराव नसलेलं काम म्हणजे पाच-दहा जणांची हौस. सरपंच बदलला की ते पोरकं होतं. ठराव झालेलं काम गावाचं होतं आणि नव्या पदाधिकाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. नेहमीच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे १,८०० मतदारांच्या गावात १०० माणसं पुरतात, ५०० मतदारांच्या गावात ७५. हे गणित आधी करून ठेवा आणि तेवढी माणसं येतील याची खात्री करा. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा कोरम लागत नाही, आणि नेमका याचाच फायदा घेऊन काही गावांत मोजक्या सह्यांवर ग्रामसभा उरकली जाते. तुमच्या विषयाची ग्रामसभा पहिल्याच दिवशी भरेल असं पाहा.

विषय ऐनवेळी मांडू नका. नोटीस निघण्याआधी सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांना लेखी पत्र देऊन विषय विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्यातच आहे. तिचा उपयोग करा. बाजारतळावरच्या शौचालयाचा विषय भरसभेत मांडायला बायका संकोचतात, महिला ग्रामसभेत तो पाच मिनिटांत ठरतो आणि मुख्य सभेत ठरलेला विषय म्हणून येतो.

ठराव कसा लिहिला जातो याकडे लोक लक्ष देत नाहीत आणि तिथेच घात होतो. “गावात वृक्षारोपण करण्याचे ठरले” हा ठराव नव्हे, ती शुभेच्छा आहे. मजकूर स्वतः तयार करून न्या. साधारण असा (सलग समतल चर म्हणजे पाणी मुरावं म्हणून उतारावर आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब चर):

“मौजे … येथील गायरान गट क्रमांक … च्या माथ्याकडील भागात सलग समतल चर खोदून झाडे लावण्यात यावीत. अंदाजित खर्च रुपये … असून त्यापैकी रुपये … ग्रामनिधीतून व उर्वरित लोकवर्गणी आणि श्रमदानातून उभे करावेत. काम दिनांक … पर्यंत पूर्ण करावे. लावलेल्या झाडांना पुढील तीन उन्हाळे पाणी देण्याची, सदर क्षेत्रात चराईबंदी पाळण्याची व चरांतील गाळ दरवर्षी मे महिन्यात काढण्याची जबाबदारी … समितीची राहील. त्यासाठी ग्रामपंचायतीने दरवर्षी अंदाजपत्रकात रुपये … तरतूद ठेवावी. समितीने प्रत्येक ग्रामसभेत कामाचा व खर्चाचा अहवाल मांडावा. सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते मंजूर.”

यात काय करायचं ते पहिल्या तीन वाक्यांत आहे आणि कसं सांभाळायचं ते पुढच्या तीन वाक्यांत. हे प्रमाण जाणूनबुजून असं ठेवलं आहे. सभा संपल्यावर इतिवृत्तात मजकूर तसाच उतरला का ते पाहा आणि ठरावाची प्रत मागून घ्या. प्रत मिळत नसेल तर १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, पण ही वेळ शक्यतो येऊ देऊ नका. ज्यांच्याबरोबर वर्षभर काम करायचं त्यांच्याशी पहिल्याच महिन्यात कागदी लढाई नको.

शासनाचा पैसा हवा असेल तर काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात यायला हवं. “आमचा गाव, आमचा विकास” या नावाने हा आराखडा दरवर्षी तयार होतो आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. आराखड्यात काम नसेल तर वित्त आयोगाच्या निधीतून त्यावर खर्च करता येत नाही. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास चालते, त्यामुळे मार्चमध्ये जाऊन निधी मागणं म्हणजे गाडी सुटल्यावर स्टेशनवर पोचणं. पोर्टल कुणालाही पाहता येतं. आपल्या गावाचा आराखडा एकदा उघडून वाचा, कागदावर झालेली कामंही कळतील.

समिती लहान, पण सगळ्या आळ्यांची

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामपंचायतीला ग्रामविकास समित्या नेमता येतात. त्या वाटेने गेलात तर समितीला अधिकृत आधार मिळतो. सात ते नऊ माणसं पुरे. पंचवीस जणांच्या समितीत काम तिघंच करतात आणि बावीस जण त्यांना दोष देतात. प्रत्येक वस्तीतून एक माणूस, निम्म्या स्त्रिया, दोन्ही गटांचं कुणीतरी हवं. ग्रामसभेत ज्याने सगळ्यात जास्त विरोध केला त्यालाही घ्या. बाहेर राहिला तर तो अडवेल, आत आला तर हिशेबावर लक्ष ठेवेल, आणि तुम्हाला तेच हवं आहे.

हिशेब एकाकडे, साहित्य दुसऱ्याकडे, माणसं गोळा करणं तिसऱ्याकडे. नोंदी आणि फोटो एखाद्या कॉलेजच्या मुलीकडे द्या. आणि देखभाल बघणारा माणूस काम सुरू व्हायच्या आधीच नेमा, संपल्यावर नव्हे. कामाच्या वेळी तो रोज हजर असला की कुठली पाइप कुठून गेली हे त्याला पाठ होतं.

निवडणुकीच्या तोंडावर काम सुरू करू नका. आचारसंहिता लागली की ग्रामपंचायतीचा हात बांधला जातो आणि प्रत्येक फावड्यामागे लोक पक्ष शोधू लागतात.

पैसा आणि हिशेब

गावाचं काम तीन पायांवर उभं राहतं: ग्रामपंचायतीचा निधी, लोकांची वर्गणी आणि वस्तू किंवा श्रमाची मदत. निधी कशावर खर्च होऊ शकतो ते आधी विचारून घ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात बंधित निधी पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावा लागे. अबंधित निधी, ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, त्यातला महिला-बालकल्याणाचा १० टक्के आणि दिव्यांगांसाठीचा ५ टक्के वाटा हे सगळे वेगळे कप्पे आहेत. शौचालयात दिव्यांगांसाठी उतार आणि पकडायला दांडी करायची असेल तर त्या ५ टक्क्यांची आठवण ग्रामसभेत करून द्या. हा पैसा पुष्कळ ठिकाणी वर्षअखेरीला घाईघाईत कुठेतरी संपवला जातो.

लोकवर्गणीला कायदा आहे. नोंदणीकृत न्यास नसेल तर सार्वजनिक वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१(क) खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. गणपती मंडळं घेतात तीच परवानगी. छापील, क्रमांक असलेली पावती द्या. कुणाच्याही खासगी मोबाइल नंबरवर पैसे घेऊ नका, समितीच्या नावाने दोन सह्यांचं खातं काढा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा ठेवा.

हिशेब ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर दर आठवड्याला लिहा. आलेले, गेलेले, उरलेले, एवढंच. रकमेपुढे बिल क्रमांक. हिशेब दिसत असेल तर वर्गणी मागावी लागत नाही, लोक आणून देतात. देणगीदारांची यादी लावायची तर रकमेच्या उतरत्या क्रमाने लावू नका. आळीवार लावा. ज्या म्हातारीने पन्नास रुपये दिले तिचं नाव तळाला गेलं की पुढच्या वेळी ती दार उघडणार नाही, आणि ती बरोबरच असेल.

जमलेल्या पैशातला एक भाग पहिल्या दिवशीच देखभालीसाठी बाजूला काढा. मी दहावा हिस्सा तरी काढायला सांगतो. पाण्याचं काम असेल तर त्याहून जास्त. सगळा पैसा सिमेंटमध्ये गेला की पहिली तोटी तुटेल तेव्हा पुन्हा वर्गणीची वही घेऊन फिरावं लागतं.

श्रमदानाचा दिवस

वरच्या ठरावातलंच काम धरू: गावाजवळच्या माळावर सलग समतल चर. इथे तयारी काय असते ते जवळून पाहू, म्हणजे बाकीच्या कामांचा अंदाज येईल.

वेळ एप्रिल-मे, पेरणीची धांदल सुरू होण्याआधी. सकाळी सहा ते नऊ. नवानंतरच्या उन्हात कुणाला राबवू नका, माणूस एकदा चक्कर येऊन पडला की गाव पुन्हा येत नाही. आदल्या दिवशी आखणी पूर्ण झालेली हवी. शंभर माणसं फावडी घेऊन उभी आहेत आणि चार जण दोरी धरून वाद घालताहेत, याहून उत्साह मारणारं काही नाही.

आखणीसाठी इंजिनिअर लागतोच असं नाही. दोन सारख्या उंचीच्या काठ्या वरच्या टोकाला बांधा, पाय फाकवून मध्ये आडवी काठी बांधा. शेंड्यावरून दोरीला दगड लोंबता सोडा. ही चौकट जमिनीवर उभी करा, दोन्ही पायांच्या जागी खुणा करा आणि दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे रेघ मारा. आता चौकट उलटी फिरवा, डावा पाय उजव्याच्या खुणेवर आणि उजवा डाव्याच्या. पुन्हा रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मधे तिसरी रेघ मारा. दोरी त्या मधल्या रेघेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत. मग एक पाय खुणेवर ठेवून दुसरा पुढे, मग तो ठेवून पहिला पुढे, असं पाऊल टाकत जायचं आणि प्रत्येक पावलाला चुन्याची फक्की टाकायची. माळावर जी वळणावळणाची पांढरी रेघ उमटते ती समपातळी. रेघ सरळ करण्याचा मोह होतो, तो आवरा. सरळ पण उताराच्या चरात पाणी मुरत नाही, ते एका टोकाला धावतं आणि तिथून बांध फोडतं.

चर साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल. एका मीटरला १८० लिटर पाणी. शंभर मीटरचा चर एकदा भरला की १८,००० लिटर. हा आकडा सकाळी लोकांना सांगा. आपण काय खोदतोय हे कळलं की हात वेगळे चालतात. निघालेली माती उताराच्या, म्हणजे खालच्या बाजूला टाकायची, चराच्या काठाला चिकटून नको, वीतभर जागा सोडून. नाहीतर पहिल्या पावसात तीच माती परत चरात येते. काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यायचं. वरचं पाणी न अडवता खाली बंधारा घातला तर तो दोन पावसांत गाळाने भरतो.

चार-चार जणांच्या टोळ्या करा: एक टिकाव, एक फावडं, दोन घमेली. अदलाबदल करत राहा. प्रत्येक टोळीला फक्कीने आखून ठरावीक लांबी द्या, म्हणजे संपल्याचं समाधान मिळतं. म्हाताऱ्या माणसांकडे पाणी आणि हजेरी द्या. लहान मुलांच्या हातात टिकाव नको, रोपांच्या पिशव्या भरायला बसवा. दगड उचलताना आधी टिकावाने आपल्याकडे ओढून पाहा, खाली विंचू असतोच. प्रथमोपचार पेटी आणि एक गाडी जवळ ठेवा, १०८ वर फोन कुठून लागतो, रेंज कुठे आहे ते आधी तपासा.

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा कोरेगाव, वरुड आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत झाली आणि साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. त्या स्पर्धेकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रम. आधी गावच्या काही माणसांना प्रशिक्षण, मग आखणी, मग श्रमदान, आणि रोजची मोजणी. स्पर्धा नसली तरी हा क्रम तुम्ही पाळू शकता. नऊ वाजता शिट्टी वाजली की थांबा, आज किती मीटर झालं ते टेपने मोजा, मोठ्याने वाचा, फळ्यावर लिहा. भाषण नको.

जत्रा, सप्ताह, जयंती: कार्यक्रम कामाला जोडा

गावात माणसं जमवण्यासाठी नवा उत्सव काढायची गरज नाही. जत्रा आहे, हरिनाम सप्ताह आहे, शिवजयंती आणि भीमजयंती आहे, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, गणपती आहे. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करत. झाडणं आणि कीर्तन त्यांनी वेगळं मानलं नाही. त्यांच्याच नावाने २००० पासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं.

जत्रेला मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात. त्यांना मंचावर बसवून सत्कार करण्यापेक्षा सकाळी माळावर न्या, काम दाखवा आणि एक ठरावीक जबाबदारी द्या: “या पन्नास झाडांचं तीन उन्हाळ्यांचं पाणी तुमच्या आळीतल्या मुंबईकरांकडे.” काही गावांत माहेरवाशिणींना बोलावून मेळावा भरवतात. या बायकांचा गावावर जीव असतो आणि गटबाजीशी त्यांचं देणंघेणं नसतं. त्यांच्या हातून झाड लावून घ्या, ते झाड कसं आहे असं त्या दर सणाला फोन करून विचारतात. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी रोप देणारे बचत गट आहेत, पण रोप देताना खड्डा आणि पाणी कुठलं हेही ठरवून द्यावं.

कार्यक्रमाच्या परवानग्या लवकर घ्या. ध्वनिक्षेपकाला पोलीस ठाण्याची परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो बंद, वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट असते आणि ते दिवस जाहीर झालेले असतात. वीज तात्पुरत्या जोडणीची घ्या, आकडा टाकू नका. ओल्या मांडवात आकड्याच्या तारेने जीव जातात. पंगतीचं पाणी टँकरचं असेल तर त्यात क्लोरीन टाकलं की नाही हे आरोग्यसेवकाकडून तपासून घ्या. स्त्रियांसाठी फिरतं शौचालय मागवा. आणि जत्रा संपल्यावर मैदान कोण झाडणार ते जत्रेच्या बैठकीतच ठरवा, खर्चाच्या अंदाजात त्याची ओळ असू द्या.

सांभाळणं

आता मूळ विषय. प्रत्येक कामाला एका पानाचं देखभाल पत्रक करा आणि ग्रामपंचायतीत लावा: काय बघायचं, कुणी, किती दिवसांनी, मोडलं तर पैसा कुठून.

झाडांना तीन उन्हाळे पाणी लागतं. पहिल्या उन्हाळ्यात सगळे येतात, दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मी झाडं जातात. म्हणून जेवढ्यांना पाणी घालता येईल तेवढीच लावा. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब, करंज अशी आपल्या मातीतली झाडं लावा. चराईबंदी करायची तर मेंढ्या-शेळ्या कुठे चारायच्या हे धनगर आणि शेळीपालन करणाऱ्या कुटुंबांबरोबर बसून ठरवा. माळाचा एक भाग दोन-तीन वर्षं बंद ठेवून दुसरा खुला ठेवला आणि बंद भागातलं गवत कापून न्यायला मोकळीक दिली तर बंदी टिकते. नुसती पाटी लावली तर रात्री कुंपण तुटतं.

शौचालयाला रोज सफाई करणारा पगारी माणूस लागतो. स्वयंसेवकांवर ते चालत नाही, आणि ते काम एका विशिष्ट जातीच्याच माणसाने करावं ही अपेक्षा गावाने मनातून काढून टाकावी. बाजारच्या दिवशी पाच-दहा रुपये घेतले तर पगार निघू शकतो. पैसे कोण जमा करतं आणि किती जमतात तेही फळ्यावर लिहा. सांडपाण्याच्या शोषखड्ड्यात गाळ जाऊ नये म्हणून तोंडाशी जाळी आणि वर उघडता येणारं झाकण हवं. ते साफ करायचं काम त्या-त्या घराचं.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट पोपटराव पवार सरपंच झाले त्या १९८९ पासून सगळे सांगतात, आणि बहुतेक जण तिथले बंधारे बघून परत येतात. तिथे बघायला हवं ते वेगळंच आहे. गाव दरवर्षी पाऊस मोजतं, विहिरींची पातळी मोजतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि यंदा कुठलं पीक घ्यायचं ते त्यावरून ठरवतं. ऊस आणि केळीसारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरवेलना तिथे बंदी आहे. पाणी अडवायचं काम एकदा झालं, पाणी वाटायचं काम दरवर्षी चालू आहे. तुम्हीही शाळेत एक पर्जन्यमापक लावा, मुलांना रोजची नोंद ठेवू द्या. गावातल्या ठरावीक पाच विहिरींची पातळी ऑक्टोबर आणि मार्चमध्ये मोजा. दोन वर्षांनी ग्रामसभेत बोलायला तुमच्याकडे आकडे असतील.

भांडण होईल, तेव्हा

श्रेयावरून होईल. फलकावर कुणाचंच नाव टाकू नका, “ग्रामस्थ” एवढंच लिहा आणि खाली खर्चाचा आकडा. आमदार-खासदारांच्या निधीतून काम असेल तर त्यांच्या नावाची पाटी येणारच, ती वेगळी लावू द्या. जागेवरून होईल, तेव्हा मोजणी मागवा, तोंडी भांडू नका. पाण्याच्या टाकीचा नळ कुठल्या वस्तीजवळ बसवायचा यावरून झालं तर आधीच्या फेरीची यादी काढा: सगळ्यात लांबून पाणी कोण आणतं? नळ तिथे. हा निर्णय मंदिरात बसून नव्हे, त्या वस्तीवर जाऊन जाहीर करा.

काम पूर्ण झाल्यावरच्या पहिल्या ग्रामसभेत समितीने तीनच गोष्टी वाचाव्यात: किती खर्च झाला, देखभालीच्या खात्यात किती शिल्लक आहे, आणि मागच्या सभेपासून काय मोडलं व ते कुणी दुरुस्त केलं. पुढच्या प्रत्येक ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय कायम ठेवायला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी सांगा. वर्षभर हे नीट चाललं तरच यादीतलं दुसरं काम काढा.